न्यू जर्सी : ड्राय क्लीनरमुळे प्रदूषित झालेल्या जमिनीच्या सफाईसाठी १९८६ पूर्वीच्या दायित्व विमा पॉलिसी वापरता येतील का?

रारिटनकाठ :

नमस्कार. आमच्या कुटुंबापुढे उभ्या राहिलेल्या एका प्रश्नासंबंधी येथील जाणकारांचे मत हवे आहे. माझ्या मामेसासऱ्यांनी १९८१ साली मध्य न्यू जर्सीत हमरस्त्यालगतची, ओळीने दुकाने असलेली एक जुनी बैठी इमारत विकत घेतली. तिच्या कोपऱ्यातल्या गाळ्यात साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून ड्राय क्लीनिंगचे दुकान होते आणि मामांनी इमारत घेतल्यानंतरही तोच भाडेकरू नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत तेथे होता. त्या धंद्याशी मामांचा संबंध दरमहा भाडे घेण्यापुरताच होता. आता वयोमानामुळे त्यांनी इमारत विकायला काढली, तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेने पर्यावरणीय तपासणीचा आग्रह धरला, आणि त्या गाळ्याच्या फरशीखालच्या मातीत पर्क्लोरोएथिलीन, म्हणजे या धंद्यातले लोक ज्याला नुसते ‘पर्क’ म्हणतात ते द्रावण, बऱ्याच प्रमाणात सापडले. भूजलातही ते उतरले आहे आणि निरीक्षण विहिरींतील नमुन्यांवरून पाहता ते शेजारच्या जागेकडे सरकत आहे.

२००९ च्या राज्य कायद्यानुसार आम्ही परवानाधारक सल्लागार, ज्यांना येथे एलएसआरपी म्हणतात, नेमले आहेत. सफाईच्या खर्चाचा त्यांचा अंदाज काही लाख डॉलरचा असून भूजलाचे काम किती वर्षे चालेल हे ते आज सांगू शकत नाहीत. आमच्या वकिलांनी पहिल्याच भेटीत १९८६ पूर्वीच्या दायित्व विम्याच्या पॉलिसी जपून ठेवल्या आहेत का, असे विचारले, आणि त्या प्रश्नाने मी थोडा गोंधळलो आहे. ज्या पॉलिसीची मुदत चाळीस वर्षांपूर्वी संपली, जिचा कागद आज आमच्याकडे नाही आणि जी कंपनी त्या नावाने कदाचित अस्तित्वातही नाही, ती पॉलिसी आज खर्च कशी देईल? हा मार्ग खरोखर चालतो, की वकिलांचे तास वाढवण्यापुरताच आहे?

हार्टफर्डचा निवृत्त :

मी कनेक्टिकटमध्ये विमा कंपन्यांच्या दावे विभागात नोकरी केली आहे. म्हणजे आपण ज्या टेबलासमोर बसणार आहात त्याच्या पलीकडच्या बाजूला मी होतो, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे. मार्ग खरोखर चालतो.

मूळ मुद्दा असा, की त्या काळच्या सर्वसाधारण दायित्व पॉलिसी हानी कधी उघडकीस आली हे पाहत नाहीत. हानी कोणत्या काळात घडली हे पाहतात. १९६६ साली या व्यवसायाने आपल्या प्रमाणित मसुद्यात ‘ॲक्सिडेंट’ (अपघात) ऐवजी ‘ऑकरन्स’ (घटना) हा आधार घेतला आणि सतत किंवा वारंवार होणाऱ्या संपर्कातून घडलेली हानीही त्यात धरली. अट एवढीच, की विमाधारकाच्या दृष्टीने ती अपेक्षित किंवा हेतुपुरस्सर नसावी. पॉलिसीची मुदत संपली याचा अर्थ पुढच्या हानीची जबाबदारी संपली. मुदतीत मातीत आणि भूजलात जी हानी घडून गेली, तिची जबाबदारी कंपनीने घेतलेली होती आणि ती आजही तिच्याकडेच आहे.

हे मसुदे लिहिले गेले तेव्हा जमिनीत मुरलेल्या रसायनाचा खर्च आजच्या मालकाकडून वसूल होईल, अशी कल्पना कोणी केली नव्हती. सांडलेल्या रसायनांच्या सफाईसंबंधीचा न्यू जर्सीचा स्पिल ॲक्ट १९७६ चा, नायगरा फॉल्स येथील लव्ह कॅनॉलचे, म्हणजे पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावरच्या वस्तीचे प्रकरण १९७८ चे आणि प्रदूषित जागांच्या सफाईचा केंद्राचा सुपरफंड कायदा १९८० चा. या कायद्यांनी दोष कोणाचा हे न पाहता, मागील काळालाही लागू होईल अशी जबाबदारी टाकली. त्यामुळे मामांनी पर्कचा थेंबही कधी हाताळला नसला तरी मालक म्हणून ते जबाबदार ठरतात, आणि त्याच कारणाने कित्येक वर्षांपूर्वी थोड्याशा हप्त्यात विकलेल्या पॉलिसींना अचानक मोल आले. विमा कंपन्यांनी १९८६ च्या मसुद्यात प्रदूषण जवळजवळ पूर्णपणे वगळले. वकिलांनी ते वर्ष का सांगितले, याचे कारण हे आहे.

आता आपल्या बाबतीतली अडचण. १९८१ ते १९८५ या काळातल्या पॉलिसींत बहुधा १९७३ चा मसुदा असेल, आणि त्यात ‘सडन अँड ॲक्सिडेंटल’ (अचानक आणि अपघाती) नसलेले प्रदूषण वगळणारे कलम आहे. यंत्रातून, नळाच्या सांध्यातून आणि गटारातून वर्षानुवर्षे झिरपलेला पर्क आकस्मिक म्हणता येत नाही. मिशिगनसारख्या राज्यात न्यायालयांनी हे कलम अक्षरशः वाचले आणि तेथे असे दावे बव्हंशी पडले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९३ साली मॉर्टन इंटरनॅशनल या रसायन कंपनीच्या खटल्यात वेगळी वाट धरली. १९७० च्या सुमारास हे कलम मंजूर करून घेताना विमा व्यवसायाच्या संघटनांनी राज्यांच्या नियामकांना असे सांगितले होते, की यामुळे संरक्षण कमी होत नाही, केवळ पूर्वीचाच अर्थ स्पष्ट होतो. म्हणून हप्तेही कमी झाले नाहीत. नियामकांना एक सांगून विमाधारकाला दुसरे सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि ज्याने हे प्रदूषक आहे हे जाणून ते हेतुपुरस्सर सोडले, अशा विमाधारकापुरतेच ते कलम मर्यादित केले. गंमत अशी, की ‘बेरीज क्रीक’ नावाच्या ओढ्यातल्या पाऱ्याच्या त्या खटल्यात मॉर्टनला स्वतःला मात्र पैसे मिळाले नाहीत, कारण तिच्या पूर्वसुरी कंपन्यांना आपण काय करत आहोत याची पुरेशी जाणीव होती, असे न्यायालयाला दिसले. मामांसारख्या केवळ भाडे घेणाऱ्या मालकाची स्थिती त्याहून पुष्कळ बरी आहे.

दुसरी अडचण स्वतःच्या मालमत्तेची. दायित्व विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो, आपल्या जमिनीसाठी नव्हे. १९९२ च्या सिग्नो ट्रेडिंग प्रकरणात याच न्यायालयाने स्पष्ट केले, की दुसऱ्याच्या मालमत्तेला प्रत्यक्ष हानी झालेली नसेल तर केवळ तशी भीती आहे म्हणून स्वतःच्या जागेच्या सफाईचा खर्च मागता येत नाही. म्हणून भूजलातले आणि शेजाऱ्याच्या हद्दीकडे निघालेले प्रदूषण, जे आपल्याला आज सर्वांत वाईट वाटत असेल, तेच विम्याच्या दृष्टीने आपल्या दाव्याचा आधार आहे. एलएसआरपींना त्याची मोजमापे काळजीपूर्वक नोंदवायला सांगावे.

दप्तरशोधक :

कायद्याची बाजू वर नीट मांडली गेली आहे. मी कागद शोधण्याविषयी लिहिते, कारण माझे काम तेच आहे. जुन्या पॉलिसी हुडकून काढणे हा येथे एक स्वतंत्र व्यवसाय असून त्याला विम्याचे पुरातत्त्व असे अर्ध्या थट्टेने म्हणतात.

मूळ पॉलिसी सापडलीच पाहिजे असे नाही. ती होती, कोणत्या कंपनीची होती, कोणत्या काळाची होती आणि तिची मर्यादा, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त देणार असलेली रक्कम, साधारण किती होती, हे दुय्यम पुराव्यावरून दाखवता येते. त्या काळचे मसुदे बहुतेक प्रमाणित असल्यामुळे कंपनी आणि वर्ष कळले की आतला मजकूर कोणता असणार हे बऱ्याच अंशी सिद्ध करता येते. पॉलिसीच्या क्रमांकाआधीची अक्षरेसुद्धा उपयोगी पडतात, कारण ती कोणत्या प्रकारची पॉलिसी होती हे सांगतात. मामांची पॉलिसी मोठ्या कारखान्यांची असते तशी सर्वसाधारण दायित्वाची नसून ‘ओनर्स, लँडलॉर्ड्स अँड टेनंट्स’ (मालक, घरमालक आणि भाडेकरूंसाठीच्या) या प्रकारची असण्याची शक्यता अधिक आहे; कोणी ओएल अँड टी असे म्हटले तर ते हेच.

बहुतेक लोक प्रथम घरातल्या कपाटात शोधतात आणि निराश होतात. त्याऐवजी त्या इमारतीच्या व्यवहारात इतर कोणाला विम्याची खात्री करून घेण्याची गरज होती, याचा विचार करावा. १९८१ साली कर्ज देणाऱ्या बँकेने विम्याचा दाखला मागितला असणार. लेखापालाच्या खातेवहीत हप्त्याची नोंद असते, आणि तेथे नुसते ‘विमा’ असे नसून पुष्कळदा एजंटचे नाव असते. रद्द झालेले धनादेश असतील तर उत्तमच. गावातली विमा एजन्सी बंद पडली असली तरी तिचा व्यवसाय बहुतेक वेळा दुसऱ्या एजन्सीने विकत घेतलेला असतो आणि जुनी रजिस्टरे त्यांच्याकडे गेलेली असतात. याहून चांगली, आणि लोकांना सहसा न सुचणारी जागा म्हणजे काउंटी न्यायालयाचे दप्तर. दुकानांसमोर बर्फावरून पाय घसरून कोणी पडले आणि त्याने मालकावर दावा लावला, असे त्या वर्षांत घडले असेल, तर मालकाच्या बचावाला वकील कोणत्या कंपनीने दिला हे त्या कागदांत मिळते. अशा एका किरकोळ दाव्याच्या फाइलवरून सबंध दशकाचा विमा उभा राहिलेला मी पाहिला आहे.

आणखी एक सांगते, आणि माझ्या मते आपल्या प्रकरणात ते सर्वांत महत्त्वाचे आहे. ड्राय क्लीनरशी झालेले भाडेकरार काढा. भाडेकरूने दायित्व विमा घ्यावा आणि त्यात मालकाचे नाव अतिरिक्त विमाधारक म्हणून घालावे, असे कलम त्यात असण्याचा बराच संभव आहे. तसे असेल तर ड्राय क्लीनरच्या पॉलिसीखाली मामांना स्वतःचा हक्क सांगता येईल. करार १९८१ पूर्वीचा असला आणि मामांनी तो इमारतीबरोबर चालू ठेवला असला, तर आधीच्या मालकाच्या विम्याचाही माग त्यातून लागतो.

कंपनीचे नाव आज दिसत नाही म्हणून थांबू नये. सातबाऱ्यावरचे फेरफार जसे एकामागून एक वाचत जावे लागतात तसेच हे आहे. एटना कॅज्युअल्टीच्या जुन्या पॉलिसी १९९६ नंतर ट्रॅव्हलर्सकडे गेल्या. इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिका आधी सिग्ना कंपनीत, १९९९ साली एस (ACE) या कंपनीत गेली आणि एसने २०१६ मध्ये चब हे नाव घेतले. कॉन्टिनेंटल १९९५ साली सीएनएकडे गेली. रिलायन्स २००१ मध्ये आणि होम इन्शुरन्स २००३ मध्ये दिवाळखोरीमुळे विसर्जनात, म्हणजे कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत गेल्या, त्यांची गोष्ट निराळी.

इंडियानापोलिसकर :

वरील सर्व न्यू जर्सीपुरते खरे आहे, हे इतर राज्यांतल्या वाचकांनी लक्षात घ्यावे. आमच्या इंडियानात १९८६ नंतरच्या पॉलिसींवरही असे दावे यशस्वी होतात, कारण येथील सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका पेट्रोल पंपाच्या गळतीच्या प्रकरणात, म्हणजे कायगर खटल्यात, ‘प्रदूषक’ या शब्दाची पॉलिसीतली व्याख्या इतकी व्यापक आहे की ती संदिग्ध ठरते, असा निर्णय दिला आणि २०१२ मध्ये फ्लेक्सडार प्रकरणात तो कायम ठेवला. उलट कॅलिफोर्नियात १९९८ च्या फॉस्टर-गार्डनर निकालानुसार पर्यावरण खात्याच्या नुसत्या आदेशाला ‘सूट’ म्हणजे दावा मानत नाहीत, त्यामुळे विमाधारकाला वकील देऊन त्याचा बचाव करण्याची विमा कंपनीची जबाबदारीच सुरू होत नाही; ओरेगॉनने १९९९ साली स्वतंत्र कायदा करून नेमके उलट ठरवले. एका राज्यातला सल्ला दुसऱ्या राज्यात वापरणे धोक्याचे आहे.

ठाणे-बेलापूर :

विषयाला थोडे सोडून विचारतो. आपल्याकडच्या जुन्या रासायनिक कारखान्यांच्या जमिनींसाठी असा काही मार्ग आहे का?

हार्टफर्डचा निवृत्त :

याच वाटेने फारसा नाही. भारतात सर्वसाधारण विमा १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीयीकृत झाला, आणि तेथे रूढ झालेल्या सार्वजनिक दायित्व पॉलिसी मुख्यतः दावा ज्या मुदतीत दाखल होतो त्या मुदतीला जोडलेल्या आहेत, त्यामुळे मुदत संपलेल्या कागदाला इकडच्यासारखे मोल उरत नाही. भोपाळनंतर आलेला १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा अपघातग्रस्तांना तातडीची मदत देण्यासाठी आहे. मात्र एखाद्या भारतीय उपकंपनीच्या अमेरिकन मूळ कंपनीकडे त्या काळच्या पॉलिसी असतील तर त्या कोणत्या भूप्रदेशाला लागू होत्या, हे कलम अवश्य वाचावे. यावर स्वतंत्र धागा काढावा, असे सुचवतो.

रारिटनकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दप्तरशोधक यांनी सांगितल्याप्रमाणे काउंटी न्यायालयात चौकशी केली. १९८३ च्या हिवाळ्यातला एक दावा खरोखरच सापडला आणि मामांचा बचाव कोणत्या कंपनीने केला ते त्यात आहे. ती कंपनी आज दुसऱ्या मोठ्या कंपनीचा भाग आहे. लेखापालाच्या मुलाकडे त्या काळच्या दोन खातेवह्या निघाल्या, त्यांत १९८२ ते १९८५ चे हप्ते त्याच एजंटच्या नावे आहेत. ड्राय क्लीनरचा १९७४ चा भाडेकरारही मिळाला. त्यात मालकाला अतिरिक्त विमाधारक करण्याची अट आहे, पण भाडेकरूची विमा कंपनी पुढे दिवाळखोरीत गेल्याचे कळते.

आता अडचण अशी, की माती काढणारा ठेकेदार पुढच्या महिन्यात मोकळा आहे आणि घेणाऱ्याला घाई आहे. आम्ही काम सुरू करून नंतर बिले विमा कंपनीला पाठवली तर चालेल का? आणि १९८१ ते १९८५ एवढीच पाच वर्षे आपली असतील, तर खर्चाचा किती भाग मिळेल?

हार्टफर्डचा निवृत्त :

खोदकाम थांबवा आणि आधी लेखी सूचना द्या. ज्या ज्या कंपनीचे नाव सापडले आहे त्या प्रत्येकीला, आधीच्या नावाने आणि आजच्या नावाने, वकिलांमार्फत पत्र जाऊ द्या. त्यासोबत खातेवहीची पाने, न्यायालयाचा कागद, एलएसआरपींचा अहवाल आणि पर्यावरण खात्याशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. कंपनीच्या संमतीवाचून विमाधारकाने स्वेच्छेने केलेला खर्च देणार नाही, असे कलम या पॉलिसींत असते, आणि सूचना मिळण्यापूर्वी झालेला बचावाचा खर्च न्यू जर्सीत सहसा मिळत नाही. सूचनेला उशीर झाला एवढ्यावरून येथे दावा बुडत नाही, कारण उशिरामुळे आपले खरोखर नुकसान झाले हे कंपनीला दाखवावे लागते, असे १९६८ पासून येथील न्यायालय म्हणत आले आहे. पण माती उचलून नेल्यावर आम्हाला नमुने घेता आले नाहीत, हे वाक्य मी माझ्या नोकरीत पुष्कळ पत्रांत लिहिले आहे आणि ते बऱ्यापैकी परिणामकारक ठरते. घेणाऱ्याच्या घाईपोटी तशी संधी देऊ नये.

किती मिळेल याचा नियम १९९४ च्या ओवेन्स-इलिनॉय निकालात आहे. हानी सतत चालू राहिली असेल तर त्या काळातली प्रत्येक पॉलिसी लागू होते आणि खर्चाची वाटणी वर्षे व त्या त्या वर्षाची मर्यादा यांच्या प्रमाणात होते. ज्या वर्षी विमा मिळत असूनही घेतला नाही, त्या वर्षाचा वाटा विमाधारकावर येतो. परंतु १९८६ नंतर प्रदूषणाचे संरक्षण बाजारात मिळतच नव्हते, असे दाखवता आले तर ती वर्षे आपल्या माथी येत नाहीत, आणि हे तत्त्व २०१८ च्या हनीवेल प्रकरणातही टिकले. खरा वाद १९८१ पूर्वीच्या वर्षांवर होईल. कंपनी म्हणेल की साठच्या दशकापासूनची हानी आमच्या पाच वर्षांवर टाकू नका. त्यावर उत्तर म्हणून आधीच्या मालकाकडे आणि ड्राय क्लीनरकडे स्पिल ॲक्टखाली त्यांचा हिस्सा मागावा आणि त्यांच्या पॉलिसी त्या मार्गाने चर्चेत आणाव्यात. इतकी वर्षे गेली म्हणून हा हक्क गेला असे समजू नये. २०१५ च्या मॉरिसटाऊन असोसिएट्स प्रकरणात, जे योगायोगाने एका दुकानसंकुलातल्या ड्राय क्लीनरच्या तेलाच्या टाकीतून झालेल्या गळतीचेच होते, सर्वोच्च न्यायालयाने अशा मागणीला कालमर्यादा नाही असे ठरवले.

भाडेकरूच्या दिवाळखोर विमा कंपनीच्या जागी पैसे देणारी राज्याची हमी संघटना आहे, पण तिची कमाल मर्यादा दाव्यामागे ३,००,००० डॉलर आहे आणि २०१३ च्या निकालानुसार सक्षम कंपन्यांच्या पॉलिसींची मर्यादा आधी पूर्ण वापरली जावी लागते. म्हणून त्या वाटेवर आरंभी फार वेळ घालवू नये. सूचना मात्र तिलाही द्यावी.

मर्यादेचे आकडे पाहून निराश होण्याची शक्यता आहे, कारण त्या काळी मालमत्तेच्या हानीची मर्यादा अगदी लहान असे. त्यावर उपाय हा, की प्राथमिक पॉलिसीतला बचावाचा खर्च बहुधा मर्यादेच्या बाहेर असतो, त्यामुळे वकिलांचा खर्च मर्यादेतून वजा होत नाही, आणि तपासणीचा कोणता भाग बचावात मोडतो आणि कोणता सफाईत, यावर घासाघीस करण्यासारखी असते. एलएसआरपींनी बिले करताना हे दोन भाग पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

दप्तरशोधक :

एक पुस्ती. १९८१ चे वर्ष खातेवहीत नाही असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. खरेदीच्या वेळच्या समापन कागदपत्रांत, म्हणजे जे मालकी हस्तांतराच्या दिवशी टायटल कंपनीसमोर, म्हणजे मालकी हक्काची खात्री करणाऱ्या कंपनीसमोर, झाले त्यांत, विम्याच्या हप्त्याची दोन्ही पक्षांत केलेली विभागणी बहुतेक वेळा लिहिलेली असते. ती सापडली तर आपले पहिले वर्ष आणि आधीच्या मालकाची कंपनी, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर मिळतील.

हार्टफर्डचा निवृत्त :

हे अगदी योग्य. शेवटी तडजोडीविषयी, कारण अशी बहुतेक प्रकरणे खटल्याच्या निकालापर्यंत जात नाहीत. कंपनी एक रक्कम देऊ करील आणि बदल्यात संपूर्ण पॉलिसी परत विकत घेण्याचा करार पुढे करील. पर्क वाफेच्या रूपाने फरशीतून वर येऊन शेजारच्या गाळ्यांत किंवा घरांत शिरतो. त्यातून उद्या कोणी प्रकृतीचा दावा लावला, तर विकून टाकलेली पॉलिसी मामांच्या उपयोगी पडणार नाही. म्हणून कंपनीला जबाबदारीतून मुक्तता या जागेच्या मालमत्ता हानीपुरतीच द्यावी, शारीरिक इजेचे दावे त्यातून स्पष्ट शब्दांत वगळावेत, आणि कंपनी त्याला तयार नसेल तर त्या धोक्याची किंमत निराळी मोजून मागावी. शेजारच्या जागेतली वाफेची तपासणी झाल्याखेरीज यांपैकी कशावरही सही करू नये.